विश्लेषण : यूएसबी, ऑप्टिकल की एचडीएमआय? संगणकावर गाणी ऐकण्यासाठी कोणती जोडणी निवडावी?

घरातला टेपरेकॉर्डर गेला, सीडी प्लेअर माळ्यावर गेला आणि गाणी ऐकवण्याचे काम लॅपटॉप किंवा डेस्कटॉपकडे आले. चांगले हेडफोन किंवा स्पीकर घ्यायचे ठरवले, की पुढचा प्रश्न दुकानातच उभा राहतो. ते संगणकाला जोडायचे कशाने? यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्सिअल, एचडीएमआय, ब्लूटूथ अशी नावे कानावर येतात. त्यांच्यासोबत काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतच्या केबलही समोर ठेवल्या जातात. ‘यातली कोणती जोडणी चांगला आवाज देते’ असे विचारले, तर दहा जणांकडून दहा उत्तरे मिळतात. जोडणी बदलल्याने नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हे आधी समजून घेतले तर निवड सोपी होते. बरेच पैसेही वाचतात.

संगणकातून आवाज बाहेर येतो कसा?

गाण्याची डिजिटल फाइल म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून तयार केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात ध्वनीची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते. प्रत्येक मोजणी १६ बिटची असते आणि डाव्या-उजव्या बाजूची वेगवेगळी असते. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, म्हणजेच १.४ मेगाबिट होतात.

कानाला आकडे ऐकू येत नाहीत. त्यांचे रूपांतर कमी-जास्त होणाऱ्या विद्युत लहरीत करावे लागते. हे काम करणाऱ्या चिपला ‘डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर’ किंवा थोडक्यात ‘डॅक’ म्हणतात. डॅकमधून निघालेला क्षीण सिग्नल ॲम्प्लिफायर मोठा करतो आणि मग स्पीकरचा पडदा हलतो. डॅक ही काही दुर्मीळ वस्तू नाही. फोन, लॅपटॉप, टीव्ही, ब्लूटूथ इअरबड्स या सगळ्यांत तो असतोच.

त्यामुळे जोडणी निवडताना खरे तर दोन गोष्टी ठरवायच्या असतात. आकड्यांचे आवाजात रूपांतर कोणत्या उपकरणात व्हावे, ही पहिली. त्या आकड्यांसोबत संगणकातली विद्युत खरखरही तारेतून पुढे जाऊ द्यायची की नाही, ही दुसरी.

लॅपटॉपला हेडफोनचा जॅक असताना वेगळा डॅक कशाला?

अनेकांना तो लागतच नाही. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमधला हेडफोन जॅक साध्या हेडफोनसाठी पुरेसा चांगला असतो. खर्च करण्याआधी एक साधी चाचणी करता येते. गाणे थांबवायचे, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवायचा आणि शांत खोलीत कान द्यायचा. सूं असा आवाज येत नसेल, माऊस हलवल्यावर किंवा पान सरकवल्यावर बारीक किरकिर ऐकू येत नसेल आणि हवा तेवढा मोठा आवाज मिळत असेल, तर वेगळ्या डॅकने फारसा फरक पडणार नाही.

अडचण असते ती संगणकाच्या पेटीतल्या गर्दीची. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे आणि पॉवर सप्लाय शेजारी शेजारी काम करत असतात. त्यांचा विद्युत गोंगाट आतल्या डॅकच्या क्षीण सिग्नलमध्ये मिसळू शकतो. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा जॅक आतून लांब वायरने जोडलेला असल्याने तिथे हे जास्त जाणवते. अशा वेळी आकडे संगणकाच्या बाहेर नेऊन रूपांतर वेगळ्या डबीत करणे फायद्याचे ठरते. दुसरे कारण हेडफोनचे. काही मोठ्या स्टुडिओ हेडफोनला जास्त ताकद लागते. लॅपटॉपचा जॅक ती पुरवू शकत नाही आणि आवाज बारीकच राहतो.

यूएसबी हा बहुतेकांसाठी पहिला पर्याय का?

यूएसबी प्रत्येक संगणकाला असते. आकडे आणि डॅकला लागणारी वीज एकाच तारेतून जाते, त्यामुळे वेगळा ॲडॉप्टर लागत नाही. फोनसाठी मिळणारे यूएसबी-सी ते ३.५ मिमी जॅकचे छोटे कनेक्टर अनेकांकडे असतात. चिप असलेला असा कनेक्टर हा स्वतःच एक यूएसबी डॅक असतो आणि तो लॅपटॉपलाही चालतो. मात्र काही कनेक्टरमध्ये चिप नसते. ते फोनच्या आतल्या डॅकवर अवलंबून असतात आणि लॅपटॉपला जोडल्यावर गप्प राहतात. खरेदी करताना एवढे पाहून घ्यावे.

क्षमतेच्या बाबतीत यूएसबीला काही कमी नाही. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या दोन चॅनलच्या संगीताला साधारण ९.२ मेगाबिट पुरतात. जुन्या ‘यूएसबी ऑडिओ क्लास १’ या मानकातही २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे स्टिरिओ संगीत जाते. त्यापुढच्या क्षमतेसाठी ‘क्लास २’ हे मानक आहे. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून त्याचा आधार अंगभूत आला. त्याआधी कंपनीचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागत असे.

यूएसबीचा आणखी एक फायदा वेळेच्या शिस्तीचा आहे. सध्याचे बहुतेक यूएसबी डॅक ‘असिंक्रोनस’ पद्धतीने काम करतात. म्हणजे आकडे किती वेगाने हवेत, हे डॅकमधले घड्याळ ठरवते आणि संगणक त्याप्रमाणे पुरवठा करतो. संगणकाची घाई-गडबड आवाजापर्यंत पोहोचत नाही.

तोटा एकच, पण महत्त्वाचा. यूएसबीच्या तारेतून आकड्यांसोबत संगणकाची वीज आणि त्याची ‘ग्राउंड’ची तारही डॅकपर्यंत येते. संगणकात गोंगाट असेल तर तो या वाटेने पुढे सरकू शकतो.

ऑप्टिकल केबल नेमकी कुठे उपयोगी पडते?

डेस्कटॉपच्या मागे किंवा टीव्हीच्या पाठीशी एक चौकोनी, झडप असलेले छिद्र असते आणि कधी कधी त्यातून लाल प्रकाश दिसतो. ते ऑप्टिकल पोर्ट. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये हे तंत्र आणले, म्हणून त्याला ‘टॉसलिंक’ असेही म्हणतात. यात आकडे लाल प्रकाशाच्या उघडझापीतून, प्लास्टिकच्या तंतूमधून जातात.

तांब्याची तार नसल्याने संगणक आणि डॅक यांच्यात विजेचा कोणताही संबंध राहत नाही. संगणकातला गोंगाट प्रकाशावर स्वार होऊन येऊ शकत नाही. स्पीकरमधून गुणगुण येत असेल, तर ऑप्टिकलचा हा गुण कामी येतो. मात्र ऑप्टिकल डॅकला वेगळी वीज लागते. ती त्याच संगणकाच्या यूएसबी पोर्टमधून घेतली, तर तांब्याचा संबंध पुन्हा जुळतो आणि ऑप्टिकल घेतल्याचा फायदा निघून जातो. अशा डॅकला मोबाइलचा वेगळा चार्जर लावणे बरे.

मर्यादाही आहेत. दोन चॅनलचे साधे संगीत यातून जाते. ९६ किलोहर्ट्झपर्यंत सहसा अडचण येत नाही, १९२ किलोहर्ट्झ मात्र सगळ्याच उपकरणांना पेलत नाही. केबल पाच मीटरपर्यंत ठेवणे सुरक्षित. ती तीक्ष्ण कोनात दुमडली तर आतला तंतू खराब होतो. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची बारीक टोपी असते. ती काढायची राहिली तर आवाज येत नाही आणि दोष उगाच उपकरणावर जातो. लॅपटॉपमध्ये हे पोर्ट आता जवळपास दिसत नाही. ॲपलच्या जुन्या मॅकबुक प्रोमध्ये हेडफोनच्या जॅकमध्येच ऑप्टिकलची सोय असे. २०१६ च्या मॉडेलपासून ती काढली गेली.

कोॲक्सिअल म्हणजे ऑप्टिकलचेच भावंड?

हो. ऑप्टिकल आणि कोॲक्सिअल या दोन्हींतून एकाच पद्धतीचे आकडे जातात. या पद्धतीला सोनी आणि फिलिप्स यांच्या नावांवरून ‘एस/पीडीआयएफ’ म्हणतात. एका तारेत प्रकाश असतो, दुसरीत वीज. कोॲक्सिअलसाठी डीव्हीडी प्लेअरला असायची तशीच गोल आरसीए पिन वापरतात. यातून १९२ किलोहर्ट्झ सहसा विनातक्रार जाते. केबल दणकट असते आणि ऑप्टिकलपेक्षा लांबही टाकता येते.

या जोडणीला ७५ ओहम रोधाची केबल लागते. जुन्या डीव्हीडी प्लेअरसोबत आलेल्या तीन रंगांच्या वायरींतली पिवळी, म्हणजे व्हिडीओची वायर याच मापाची असते. दीड-दोन मीटरच्या अंतरासाठी ती बहुतेक वेळा चालून जाते. नवी केबल घेण्याआधी घरातला वायरींचा डबा एकदा उघडून पाहायला हरकत नाही.

मात्र ही तांब्याची तार असल्याने गुणगुणीचा धोका यूएसबीसारखाच राहतो. शिवाय संगणकांवर हे पोर्ट क्वचितच असते. ज्यांच्याकडे जुना ॲम्प्लिफायर, वेगळे साउंड कार्ड किंवा सीडी ट्रान्सपोर्ट आहे, त्यांच्याच उपयोगाची ही जोडणी आहे.

एचडीएमआयची गरज कोणाला?

दोनपेक्षा जास्त स्पीकर असलेल्यांना. एस/पीडीआयएफची रचना दोन चॅनलच्या मोजणीसाठी झाली. पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा ५.१ रचनेचा आवाज त्यातून पाठवायचा, तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करूनच पाठवावा लागतो. चित्रपटाच्या फाइलमध्ये तो तसा दाबलेला असतोच. संगणकावरच्या गेमचा आवाज मात्र त्याच क्षणी तयार होत असतो. संगणकात ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’सारखी सोय नसेल, तर ऑप्टिकलमधून गेमचा आवाज दोनच चॅनलमध्ये येतो.

एचडीएमआयमधून न दाबलेले आठ चॅनल, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातात. घरात एव्ही रिसिव्हर किंवा होम थिएटर असेल, तर संगणकाची एचडीएमआय थेट त्याला जोडणे हा सरळ मार्ग.

टीव्हीमार्गे आवाज साउंडबारपर्यंत न्यायचा असेल, तर टीव्हीवरचे ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ असे लिहिलेले पोर्ट वापरावे लागते. एआरसीची क्षमता ढोबळमानाने ऑप्टिकलएवढीच आहे. ई-एआरसीमधून न दाबलेले ५.१ किंवा ७.१ चॅनल जाऊ शकतात. अनेक मॉनिटरना हेडफोनचा जॅक असतो. तिथे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून आलेले आकडे मॉनिटरमधल्या डॅककडून आवाजात बदलले जातात. हा डॅक बऱ्याचदा कामचलाऊ असतो. लॅपटॉपच्या जॅकशी तुलना करून पाहावी आणि जो बरा वाटेल तो वापरावा.

ब्लूटूथने आवाज खरंच खराब होतो का?

थोडा बदलतो, पण सोयीच्या मानाने अनेकांना तो चालतो. ब्लूटूथमध्ये संगीत पुन्हा दाबून पाठवले जाते. सर्वत्र चालणारा ‘एसबीसी’ हा कोडेक साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत जातो. सोनीचा ‘एलडॅक’ ९९० केबीपीएसपर्यंत पोहोचतो. सीडीचा दर १,४११ केबीपीएस असतो. यूट्यूब म्युझिकचा वरचा दरच २५६ केबीपीएस आहे, त्यामुळे अशा स्रोतावरून ऐकताना ब्लूटूथचा तोटा फार जाणवत नाही.

संगणकावर ब्लूटूथच्या दोन अडचणी जास्त त्रास देतात. पहिली उशिराची. आवाज सेकंदाच्या एक-दोन दशांशांनी मागे राहतो. व्हिडीओ ॲप ते जुळवून घेते, पण गेम खेळताना किंवा कीबोर्डवर सूर वाजवताना हा उशीर खटकतो. दुसरी माइकची. ऑनलाइन मीटिंग सुरू होऊन हेडफोनचा माइक चालू झाला, की गाण्याचा आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून फोनच्या पद्धतीवर जाते. नव्या ‘एलई ऑडिओ’मध्ये यावर उपाय आहे, पण त्यासाठी संगणक आणि हेडफोन दोन्हींत ती सोय हवी. तोवर साउंड सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडणे हा सोपा तोडगा आहे.

स्पीकरमधून गुणगुण येते, ती कुठून?

जोडणी निवडताना याच प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व द्यायला हवे. भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची असते. संगणक आणि पॉवर्ड स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील आणि दोन्हींना अर्थिंग असेल, तर अर्थिंगच्या तारा आणि ऑडिओ केबल मिळून एक वर्तुळ तयार होते. त्याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. त्यातून वाहणारा किंचितसा प्रवाह स्पीकरमध्ये ‘हूं’ असा ऐकू येतो. लोडशेडिंगच्या वेळी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर उपकरणे चालत असतील, तर त्याची घरघर वेगळीच.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवायचा. गुणगुण थांबली तर दोष चार्जर आणि अर्थिंगच्या वाटेचा. मग संगणक, डॅक आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेऊन पाहावे. अनेकदा तेवढ्याने काम होते. तरीही आवाज राहिला तर ऑप्टिकलकडे वळावे किंवा यूएसबी आयसोलेटर वापरावा. केबल पूर्ण काढल्यावरही स्पीकर गुणगुणत असेल, तर दोष स्पीकरचाच आहे. कोणत्याही डिजिटल जोडणीने तो जाणार नाही.

यावर सर्रास केला जाणारा एक उपाय मात्र धोकादायक आहे. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढून टाकणे किंवा टू-पिनचा कन्व्हर्टर लावणे. त्याने गुणगुण थांबते, कारण अर्थिंगच तुटते. पण उपकरणात बिघाड होऊन वीज धातूच्या पेटीवर उतरली, तर ती जमिनीत नेणारी वाट राहत नाही. मग ती पेटीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जाते. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला किंवा संगणकाच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत आणि वाड्यांत तर ते आधी करावे. आवाजाचा विचार त्यानंतर.

महागड्या केबलने आवाज सुधारतो का?

डिजिटल केबलमधून शून्य आणि एक जातात. ते पलीकडे नीट ओळखता आले, की केबलचे काम संपले. केबल खराब असेल किंवा फार लांब असेल तर आकडे चुकतात. मग टकटक ऐकू येते, आवाज तुटतो किंवा बंदच पडतो. तबल्याचा बायाँ पोकळ वाटणे किंवा तानपुरा मागे गेल्यासारखा वाटणे हे डिजिटल केबलच्या दोषाचे लक्षण नाही.

विक्रेते इथे ‘जिटर’ हा शब्द काढतात. आकडे बरोबर असले तरी ते पोहोचण्याच्या वेळेत बारीक चढउतार होतात, हे खरे. प्रश्न ते कानाला कळतात का, हा आहे. जपानमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तयारीच्या कानांनाही संगीतातला जिटर ओळखण्यासाठी तो शेकडो नॅनोसेकंदांचा असावा लागला. आजच्या साध्या डॅकमधला जिटर त्याच्या कितीतरी पटीने कमी असतो. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळणारी, पिना घट्ट बसणारी साधी केबल पुरेशी आहे. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरच्या आत ठेवावी, एवढे पथ्य.

‘हाय-रेझ’चा आकडा पाहून जोडणी निवडावी का?

माणसाच्या कानाची मर्यादा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अशी मानली जाते आणि वयानुसार वरचे टोक खाली येते. सीडीची ४४.१ किलोहर्ट्झची मोजणी २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी नोंदवते. त्यापुढच्या आकड्यांचा उपयोग किती, यावर अभ्यास झाले आहेत. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५५४ चाचण्यांत ऐकणाऱ्यांनी हाय-रेझ आणि सीडी दर्जाचा आवाज ४९.८ टक्के वेळा बरोबर ओळखला. नाणे उडवले तरी एवढेच गुण मिळतात. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचे जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. तेव्हा हे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते आणखी जास्त होते. म्हणजे फरक असला तरी तो फार बारीक आहे.

मूळ ध्वनिमुद्रण कसे आहे, यावरही बरेच ठरते. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकडीवरून केलेली फाइल १९२ किलोहर्ट्झची असली, तरी तबकडीवर नसलेला ध्वनी तिच्यात येणार नाही. केवळ १९२ किलोहर्ट्झ जात नाही म्हणून ऑप्टिकल टाळण्याचे किंवा केवळ ३८४ लिहिले आहे म्हणून डॅक घेण्याचे कारण नाही.

मग कोणी काय निवडावे?

लॅपटॉप आणि हेडफोन एवढेच असेल, तर आधी लॅपटॉपचाच जॅक वापरून पाहावा. खरखर असेल किंवा आवाज कमी पडत असेल, तर छोटा यूएसबी डॅक घ्यावा.

लॅपटॉप आणि टेबलावरचे दोन पॉवर्ड स्पीकर असतील आणि स्पीकरनाच यूएसबी पोर्ट असेल, तर ते थेट जोडावे. वेगळा डॅक लागत नाही, कारण तो स्पीकरच्या आतच असतो. मात्र काही स्वस्त स्पीकरची यूएसबी केबल फक्त विजेसाठी असते. त्यांच्यासोबत हेडफोनची पिन आली असेल, तर आवाज त्या पिनमधूनच येतो.

मोठा डेस्कटॉप, ग्राफिक्स कार्ड आणि स्पीकरमधून गुणगुण अशी स्थिती असेल, तर ऑप्टिकल. मदरबोर्डच्या मागे पोर्ट आहे का, हे पाहून मगच डॅक घ्यावा. यूएसबी आणि ऑप्टिकल दोन्ही असलेला डॅक घेतला, तर पुढे टीव्हीही त्याला जोडता येतो.

होम थिएटर किंवा एव्ही रिसिव्हर असेल, तर एचडीएमआय. जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल आणि त्याला कोणतेही डिजिटल पोर्ट नसेल, तर यूएसबी डॅकमधून आरसीए वायरने त्याच्या ‘ऑक्स’मध्ये जोडणी करावी. माळ्यावरच्या चांगल्या स्पीकरना पुन्हा कामाला लावण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

बजेट मर्यादित असेल, तर त्याचा मोठा वाटा स्पीकर किंवा हेडफोनवर खर्च व्हावा. दोन स्पीकरमधला फरक कोणालाही ऐकू येतो. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून थोडे पुढे ओढले आणि कानाच्या उंचीला आणले, तरी आवाज बदलतो आणि त्याला खर्च येत नाही.

जोडल्यानंतर कोणत्या सेटिंग पाहाव्यात?

पहिल्यांदा जोडताना ॲम्प्लिफायरचा किंवा स्पीकरचा आवाज अगदी कमी ठेवावा. डिजिटल जोडणीत संगणक बहुतेक वेळा पूर्ण ताकदीचा सिग्नल पाठवतो आणि तो एकदम कानावर आदळू शकतो. मॅकवर एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडल्यावर कीबोर्डवरच्या आवाजाच्या कळा सहसा चालत नाहीत. तो बिघाड नाही, आवाज पुढच्या उपकरणावर कमी-जास्त करायचा असतो.

विंडोजमध्ये साउंड सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट म्हणून नवा डॅक निवडावा. ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ बंद करून ऐकून पाहावे. तिथेच फॉरमॅट निवडता येतो. सीडीवरून घेतलेली गाणी जास्त ऐकत असाल तर ४४.१ किलोहर्ट्झ, व्हिडीओ जास्त पाहत असाल तर ४८ किलोहर्ट्झ ठेवावे. मॅकमध्ये हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’ या ॲपमध्ये होते. टीव्हीची ऑप्टिकल केबल स्टिरिओ डॅकला जोडली आणि आवाज आलाच नाही, तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडावे. साध्या डॅकला डॉल्बीची भाषा कळत नाही.

डेस्कटॉपवर यूएसबी डॅक टकटक करत असेल, तर तो हबमधून किंवा पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला थेट लावावा. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. नवीन केबल मागवण्याआधी हा पाच मिनिटांचा प्रयोग करून पाहावा.